काखेपुढची घडी

माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, कसरतीचं मुदगल दाराच्या आतल्या कोपऱ्यात उभं असायचं आणि त्याच्यावर भिंतीला शेंदराचा एक ठिपका होता. तोच आमचा मारुती. सिल्वासाजवळच्या नरोलीच्या त्या भाड्याच्या खोलीत देवाला वेगळी जागा नव्हती, माणसांनाच नव्हती तर देवाला कुठून असणार. मुदगल बाभळीच्या लाकडाचं, खाली पोटाशी जाड आणि वर मुठीला निमुळतं, तेल पिऊन पिऊन काळं झालेलं. माय झाडताना ते हलवायची नाही, त्याच्याभोवतीनं झाडू फिरवून घ्यायची. आबा आमच्या गावाकडे, खानदेशात, कुस्त्या खेळत. इथे ते सुताच्या कारखान्यात खोकी चढवायचे काम करायला आले तेव्हा एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि ते मुदगल एवढंच सामान एसटीतून आणलं होतं. मायच्या भांड्यांना जागा उरली नाही. तिची भरीत ठेचायची बडगी, म्हणजे आमच्याकडे असते ती लाकडाची काठवट, आणि तिची मुसळी गावीच राहिली. या राहिलेल्या बडगीपासून पुढचं सगळं झालं, म्हणून आधी सांगून ठेवते.

पहाटे आबांचा व्यायाम चाले. खोलीपुढच्या हातभर अंगणात ते मुदगल पाठीमागून डोक्यावरून फिरवत आणि दर फेऱ्याला नाकातून एक हुंकार टाकत. पलीकडून कारखान्यांची घरघर यायची, ती चोवीस तास असायची, त्यामुळे ती ऐकू येते हेच आम्ही विसरलो होतो. एखाद्या दिवशी वीज गेली आणि घरघर थांबली की शेजारची तान्ही मुलं दचकून उठत. मग भोंगा व्हायचा, पाळी बदलायची आणि सायकलींची रांग लागायची. आमच्या ओळीत सहा खोल्या होत्या. एकीत बिहारकडची पोरं दाटीनं राहायची, एकीत मालेगावचं एक कुटुंब, आणि टोकाला घरमालकीण शांताबेन, जी दिवसभर ओट्यावर बसून मेथी निवडत सगळ्यांवर लक्ष ठेवायची. गुजरातेत दारूबंदी, म्हणून शनिवार-रविवारी तिथून माणसं आमच्या बाजूला दारू प्यायला येत, संध्याकाळी रस्त्याच्या कडेला पडलेली दिसत. आबा दारूला शिवत नसत. लोक मायला म्हणायचे, नशीबवान आहेस. माझ्या मनात यायचं, प्यायले असते तर निदान मारायला एक कारण तरी मिळालं असतं.

कारण आबा मारत, आणि शुद्धीत मारत. आधी मनगटावरचं घड्याळ काढून खुंटीला अडकवायचे. घड्याळ खुंटीवर गेलं की राजू, म्हणजे माझा भाऊ, माझ्याकडे बघायचा आणि मी दाराकडे. डाव्या हातात मायचे केस आणि उजवा मोकळा, अशी त्यांची पद्धत होती. राजूला पट्ट्याने, मला फक्त थोबाडीत, कारण मुलीच्या जातीला खूण राहू नये. एकदा मायच्या बरगडीला काहीतरी झालं आणि ती दोन महिने कुशीवर झोपू शकली नाही, तशीच पाणी भरत राहिली. शांताबेन ओट्यावरून विचारायची, ‘शुं थयुं, बेन?’ आणि माय म्हणायची, ‘कंई नही, पडी गई.’ इथे येऊन ती पहिलं गुजराती वाक्य कुठलं शिकली असेल तर हे.

त्या रविवारी गावाहून मामाने हिरवी, पांढऱ्या रेघांची भरताची वांगी पाठवली होती. एवढी मोठी वांगी इकडे बाजारात मिळत नसत. मायने सकाळपासून काटक्या गोळा करून अंगणात निखाऱ्यांचा आर केला. वांग्यांची सालं करपून तडकत होती आणि त्या वासानं ओळीतल्या सगळ्या खोल्यांतून कुणी ना कुणी डोकावून गेलं. माय त्या दिवशी आनंदात होती. हे मुद्दाम लिहिते, कारण ती आनंदात आहे असं मला मोजक्या वेळा आठवतं. तिनं कांद्याची पात चिरली, लसूण-मिरची भाजली, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप तळून ठेवले, कळण्याची भाकरी थापायला घेतली. आता वांगी ठेचायची तर कशानं? वरवंट्यानं भरीत चिकट होतं, हाताने कुस्करलं तर त्याला चव येत नाही, असं तिचं ठाम मत. ती थोडा वेळ इकडेतिकडे बघत राहिली. मग उठली, कोपऱ्यातलं मुदगल घेतलं, त्याची मूठ धुतली आणि परातीत वांगी घेऊन त्या मुठीच्या टोकानं ठेचायला लागली. मला हसू आलं. तीही हसली आणि म्हणाली, ‘आबा येवाना आगोदर धोई ठेवसू.’

आबा न्हाव्याकडे गेले होते. ते लवकर परत आले. दारात उभे राहून त्यांनी आधी परात बघितली, मग मुदगलाची मूठ, तिला लागलेलं वांगं आणि लसूण. ‘हाई काय शे?’ एवढंच विचारलं. माय म्हणाली, ‘बडगी नही ना आठे. आते धोई टाकस.’ त्यांनी घड्याळ काढलं नाही. ते पाहूनच माझ्या लक्षात आलं, हा नेहमीचा मार नव्हे. त्यांनी तिच्या हातातून मुदगल ओढून घेतलं, वांगं लागलेल्या मुठीवरच उजवा हात आवळला आणि रोज सकाळी घेत तसं पाठीमागून, पूर्ण लांब, डोक्याच्या वर नेलं. माय परातीपुढे खाली बसलेली होती. तिनं हात वर केले नाहीत, नुसती मान खाली घातली. ते मुदगल खाली आलं असतं तर मी आज हे लिहिलं नसतं, दुसरंच काहीतरी लिहिलं असतं, किंवा काहीच नाही.

राजू पाण्याच्या कळश्या घेऊन आबांच्या मागून दारात आला होता. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा, हडकुळा, पॅकिंगमध्ये कामाला लागून वर्ष झालेला. त्यानं कळश्या टाकल्या आणि मागे गेलेलं आबांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. नुसतं धरलं नाही, त्याला लोंबकळला. आबांचा हात सगळ्या ताकदीनं पुढे यायला निघालेला आणि राजूचं सगळं वजन मागे. एक आवाज झाला. मांजरपाटाचं ठाण दुकानदार दोन हातांनी टरकावतो, तसा. आवाज आबांच्या अंगातून आला हे कळायला आम्हाला वेळ लागला. मुदगल सुटलं आणि राजूच्या पायावर पडलं, त्याच्या अंगठ्याचं नख उलटलं. आबा ओरडले नाहीत. डावा हात उजव्या काखेशी धरून ते भिंतीला टेकले आणि हळूहळू खाली बसले. तोंडावर घाम फुटला होता. काही वेळानं ते राजूकडे बघून अगदी सावकाश बोलले, ‘हात बरा होऊ दे. ज्या हातनी मना हात धरा, तो हात मी खांद्यामाईन उपटी टाकसू. मारुतीनी आन शे.’

आबा शपथ घेऊन मोडत नसत. गावी असताना त्यांनी सख्ख्या चुलतभावाचा पाय शपथ घेऊन मोडला होता, आणि तो चुलता अजून फरफटत चालतो हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं. मायने त्याच दुपारी राजूला जवळच्या सायली गावात ओळखीच्या पोरांच्या खोलीवर पाठवून दिलं. जाताना त्याच्या डब्यात तिनं ते भरीत घातलं. राजूनं ते खाल्लं की नाही, मी कधी विचारलं नाही.

कारखान्यात आबांनी सांगितलं, खोका निसटला. पोरानं हात धरला हे पैलवान माणूस कुठल्या तोंडानं सांगणार? संध्याकाळीच बापू उस्ताद आले. हे मालेगावकडचे म्हातारे, नरोलीत त्यांचा आखाडा नव्हता पण मोडलेली-मुरगळलेली सगळी माणसं त्यांच्याकडेच जात. त्यांनी आबांचा खांदा चाचपला आणि निदान केलं, ‘शीर चढी गयी. तीन दिनमा उतारी देस.’ मोहाच्या बियांचं तेल गरम करायला सांगितलं, ते खानवेलकडच्या बायका बाजारात बाटलीतून विकायला आणायच्या, त्याला उग्र वास असतो. मग आबांना पालथं पाडून, उताणं पाडून, अंगठ्यांनी छाती आणि काख रगडली. आबांनी दातात पंचा धरला होता. पैलवानाचा मालिशवर जेवढा विश्वास असतो तेवढा देवावर नसतो, जितकं दुखेल तितकं दुखणं बाहेर पडतं असं ते मानतात. दुसऱ्या दिवशी उजवी छाती सुजून काळीनिळी झाली. तिसऱ्या दिवशी ते निळं दंडातून ओघळत कोपरापर्यंत आलं. उस्ताद म्हणाले, बघा, घाण उतरायला लागली.

कारखान्याच्या साहेबाला रजेसाठी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी हवी होती, नाहीतर आबा सिल्वासाला गेलेच नसते. सोबत मी. दहावी झालेली, इंग्रजी वाचता येणारी घरात मी एकटीच. दमणगंगेच्या पुलावर गाडी आदळत होती आणि दर आदळ्याला आबांचा श्वास अडकत होता. मी खिडकीतून बाहेर बघत बसले होते आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, त्यांना दुखतंय याचं मला बरं वाटत होतं.

डॉक्टर रत्नागिरीकडचे, तरुण, चष्मा सारखा वर सरकवणारे. त्यांनी आबांना सदरा काढायला लावला आणि हात न लावता नुसते बघत राहिले. मग म्हणाले, दोन्ही हात कमरेवर ठेवा आणि दाबा. आबांनी दाबलं. नमस्कार करतात तसे तळवे जोडा आणि एकमेकांवर दाबा. तेव्हा मी पण बघितलं. डाव्या बाजूला खांद्यापासून छातीपर्यंत मांसाची जाड घडी ताठ उभी राहिली, काखेच्या पुढची, प्रत्येकाला असते ती. उजवीकडे ती घडी नव्हतीच. तिथे खोलगट झालं होतं आणि सगळा स्नायू छातीच्या मधोमध गोळा होऊन बसला होता. डॉक्टरांनी त्या खोलगट जागेत दोन बोटं घातली, ती आत गेली. ‘काय करताना झालं?’

‘खोका उचलत व्हतो, साहेब.’

‘खोका खालून उचलत होता? हात पुढे होते?’

‘हा.’

 डॉक्टरांनी आबांना एक्स-रे काढायला पाठवलं आणि मला थांबवून घेतलं. ‘खोका उचलताना असं सहसा होत नाही,’ ते म्हणाले. ‘हात कुठे होता ते मला कळायला हवं, म्हणजे काय तुटलं ते नक्की करता येईल. तू होतीस का तिथे?’ मी मान हलवली. ‘मग दाखव. तोंडानं सांगू नकोस, हात तसा करून दाखव.’

मी उभी राहिले. आणि माझा उजवा हात मागे, लांब, डोक्याच्या वर नेला, मूठ आवळलेली, तळवा वर, समोर खाली कुणीतरी बसलेलं आहे अशी नजर लावून. मी ते इतकं हुबेहूब केलं की मला माझीच भीती वाटली. डॉक्टर माझ्या हाताकडे बघत होते, मग माझी नजर होती तिथे, खाली फरशीकडे बघितलं. ‘आणि मागून कुणी धरला?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘भावानं.’ ‘समोर कोण होतं?’ मी म्हटलं, ‘माय.’ त्यांनी चष्मा काढून पुसला.

एक्स-रे घेऊन आबा आले. ‘हाड मोडेल शे का?’ डॉक्टर म्हणाले, ‘हाड शाबूत आहे, पण…’ आबांनी ‘पण’च्या पुढचं ऐकलंच नाही. ‘मंग झालं,’ म्हणाले, आणि सदरा खांद्यावर टाकून बाहेर पडले. हाड नाही म्हणजे काही नाही, अशी आमच्याकडची समजूत. डॉक्टर उठून दारापर्यंत आले, हाक मारली, पण आबा फाटकाशी पोचले होते. मग त्यांनी मला परत बसवून समजावलं. छातीचा मोठा स्नायू दंडाच्या हाडाला ज्या जाड दोरीनं बांधलेला असतो ती दोरी हाडापासून उपटली गेली आहे. एक्स-रेत ती दिसत नाही म्हणून लोक फसतात. ती आपोआप जुळत नाही, ऑपरेशन करून परत हाडाला शिवावी लागते, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. मार लागल्यापासून तीन आठवड्यांच्या आत गेलं तर हात जवळजवळ पहिल्यासारखा होईल. पुढे महिनाभर झोळी आणि मग हळूहळू व्यायाम. पण उशीर झाला तर स्नायू आखडतो, आतच चिकटून बसतो, मग शिवायला टोक सापडणं मुश्कील. ‘आणि मालिश बंद. एकदम बंद. आत रक्त साकळतं आहे.’ रजेच्या चिठ्ठीसोबत त्यांनी इंग्रजीत आणखी एक मोठी चिठ्ठी लिहिली, घडी करून माझ्या हातात दिली. ‘घरात मोठं जे कोण असेल त्याला नीट सांग. हात वाचेल त्यांचा.’

फाटकापर्यंतच्या त्या अंतरात माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. हात वाचला तर राजू वाचणार नाही.

गाडीत आबांनी विचारलं, ‘काय लिखेल शे त्यामा?’ मी म्हटलं, ‘मुका मार शे म्हणे. गोया देल शेतस. आराम करा म्हणे.’ ‘मी सांगेल व्हतं ना,’ ते म्हणाले आणि डोळे मिटले. रजेची चिठ्ठी मी त्यांना दिली. दुसरी बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, डब्याच्या तळाशी कागदाखाली ठेवली. सोळा वर्षांची होते मी. लोक म्हणतील, पोर होती, घाबरली. घाबरले नव्हते. मी आयुष्यात त्याआधी आणि त्यानंतर इतका शांत विचार केलेला मला आठवत नाही.

त्यानंतर, हात तुटल्याचा विसावा दिवस येईपर्यंत, मी तेल तापवत होते. उस्ताद रोज संध्याकाळी यायचे आणि मी वाटी धरून बसायचे. मायने पहिल्या दिवशी स्टोव्हला पंप मारता मारता विचारलं, ‘डागदर खरंच चोळाले सांगस का?’ मी हो म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पंप मारायला लागली. उस्तादांचे अंगठे त्या खोलगट जागेत रुतत, आबांची टाच जमिनीवर आपटत राही, पंचा दातांखाली फाटला तेव्हा दुसरा दिला. एकदा त्यांची शुद्ध हरपली. शांताबेन दाराशी येऊन कानात पदराचे बोळे घालून उभी राहिली. मला माहीत होतं की हे हात त्यांचं भलं करत नाहीत, आणि मी वाटीत तेल ओतत होते. रात्री आबा कण्हायचे. मी दिवस मोजायचे. तेरावा. चौदावा. पंधराव्या दिवशी बाजारात डॉक्टर भाजी घेताना भेटले. ‘वडील गेले का मुंबईला?’ मी म्हटलं, गेले. ते इतके मोकळे हसले की मला वाटलं आत्ताच पाय धरावेत आणि सांगून टाकावं. मी वांग्यांचे भाव विचारायला वळले.

विसाव्या दिवशी आबा अंगणात उभे होते. त्यांनी मुदगलाला हात घातला. ते गुडघ्यापर्यंत आलं आणि हात तिथेच थरथरायला लागला, मग मुदगल सुटून पडलं. ते खाली बसले आणि पहिल्यांदा मी माझ्या बापाला रडताना पाहिलं. तोंड वासून, आवाज न करता. मी आत गेले, बिबड्यांचा डबा उघडला, कागद उचलला, चिठ्ठी हातात घेतली. अजून एक दिवस होता. मुंबईची गाडी वापीहून मिळाली असती. तेवढ्यात बाहेरून त्यांचा आवाज आला. रडता रडता ते मायला विचारत होते, राजूची पाळी हल्ली कुठली असते. मी डबा बंद केला.

दोन महिन्यांनी आबांचा डावा हात उठला. डॉक्टरांनी हे मला सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं, की माणसाला दोन हात असतात. कारण काय होतं ते आठवत नाही. घड्याळ हातातच होतं, त्याच्या कडेनं मायचा गाल फाटला आणि ती भिंतीवर जाऊन आपटली. रक्त हनुवटीपर्यंत आलं. मग ती उठली. कोपऱ्यातलं मुदगल तिनं दोन्ही हातांनी उचललं, एका हातानं तिला पेलवत नव्हतं, आणि डोक्याच्या वर मागे नेलं. मी तिच्या मागेच उभी होते. माझे हात पुढे झाले. पण मागे गेलेला हात मागून धरला की काय तुटतं ते मला आता पुरतं माहीत होतं. मी धरला नाही. मुदगल आबांच्या पायापासून वीतभरावर फरशीवर आलं, फरशीचे तीन तुकडे झाले, आणि एक तुकडा उडून त्यांच्या नडगीत घुसला. त्या खोलीत नंतर राहायला आलेल्यांनी ती फरशी बदलली असेल.

मार थांबला असं मी म्हणणार नाही. शिव्या शेवटपर्यंत होत्या. डावा हात पण कधीमधी उठला, पण तो अर्ध्यावर थबकायचा, आबा मायच्या हाताकडे बघायचे आणि तो खाली यायचा. आबांना खोकी जमेनात म्हणून फाटकावर बसवलं. मुदगल मायने स्वयंपाकाच्या बाजूला आणून ठेवलं, आणि पुढे दर हिवाळ्यात भरीत त्याच्याच मुठीनं ठेचलं गेलं, आबांच्या समोर, आणि आबांनी ते खाल्लं.

होळीला माय राजूला सायलीहून घेऊन आली. आबा अंगणात दगडावर बसून डाव्या हातानं अंगावर पाणी घ्यायचा खटाटोप करत होते. राजूनं ती खोलगट छाती बघितली. त्यानं तांब्या उचलला आणि बापाच्या पाठीवर पाणी ओतायला लागला.  त्यानंतर राजू दर रविवारी येत राहिला. लग्न झालं, मुलं झाली, स्वतःचं घर झालं तरी रविवारी आबांना आंघोळ राजूच घालायचा. त्याच्या बायकोनं एकदा टोकलं तर म्हणाला, ‘मीच मोडा ना तो हात.’ तीस वर्षं. मी इथल्याच शाळेत शिक्षिका झाले, मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवलं, आणि रविवारी भावाला बापाची पाठ चोळताना बघत राहिले.

माय आधी गेली. आबा त्यानंतर माझ्याकडे असत. उजवा हात मागे जात नसे म्हणून सदरा मीच चढवायचे. एके सकाळी बटणं लावता लावता ते म्हणाले, ‘त्या डागदरनी दुसरी चिठ्ठी तुनाजोडे शे का अजून?’ मी थांबले. म्हणजे दवाखान्याच्या फाटकातून त्यांनी वळून पाहिलं होतं, आणि माझ्या हातात दोन कागद होते हे त्यांना एवढी वर्षं ठाऊक होतं. मी कपाटातून ती काढली, घड्यांवर फाटलेली, तेलाच्या डागांची. त्यांनी म्हटलं, ‘वाच.’ मी वाचली, मराठीत, एकही शब्द न गाळता, तीन आठवड्यांची गोष्टही. का नाही दिली तेही सांगितलं. मला वाटलं आता डावा हात उठेल, आणि मी तो उठू देणार होते.

त्यांनी उरलेलं बटण डाव्या हातानं स्वतःच लावलं. मग त्यांनी विचारलं, ‘राजूले म्हाईत शे?’

‘नही, आबा.’

‘सांगू नको. त्याले समजनं तं तो रविवारले येवाव नही.’

आपल्या गेलेल्या हाताबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांना फक्त रविवार जाईल याची भीती होती. मी त्यांना शब्द दिला, आणि ते असेपर्यंत तो पाळला. त्या दिवशी मला बापाची इतकी कीव आली आणि त्याच क्षणी इतका राग आला, की दोन्ही एकाच वेळी कसं येतं ते मला अजून उमगलेलं नाही.

आबा गेले त्याला या पावसाळ्यात दोन वर्षं होतील. राजू अजून रविवारी येतो. बापाच्या खाटेवर थोडा वेळ बसतो, आपल्या दोन्ही हातांकडे बघतो आणि चहा घेऊन जातो. तो फारसं वाचत नाही, पण त्याची मुलगी वाचते, ती त्याला हे वाचून दाखवेल. राजू, तू हात धरलास म्हणून माय वाचली, एवढंच तुझं. तो हात परत जुळला असता. तो मी जुळू दिला नाही.